क्रॉमवेलवर नाही, त्याच्यावर लिहिणाऱ्यांवर लिही

क्रॉमवेलवरच्या, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढून पुढे सत्ताधीश झालेल्या सेनानीवरच्या, तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. पहिली तीन पानं क्रॉमवेलच्या चरित्रातच गेली आहेत. ती एका परिच्छेदावर आण. त्याच्याकडे कोणी, केव्हा आणि कुठे उभं राहून पाहिलं, हा तुझा विषय आहे.

क्लॅरेंडन हा क्रॉमवेलच्याच काळातला इतिहासकार, राजाच्या बाजूचा, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाची झळ सोसलेला. त्याने क्रॉमवेलचं धाडस मान्य केलं, पण माणूस दुष्टच ठरवला. पुढे १८४५ मध्ये थॉमस कार्लाइल या लेखक-इतिहासकाराने क्रॉमवेलची पत्रं आणि भाषणं छापली आणि ढोंगी म्हणून हिणवला गेलेला माणूस प्रामाणिक श्रद्धेचा वीर झाला. इथे रेंगाळ. मत पालटलं ते कागदपत्रांमुळे, की कार्लाइलला आपल्या काळासाठी एक वीरपुरुष हवाच होता म्हणून? मला दुसरं कारण जड वाटतं, पण माझं ऐकू नकोस. त्याची टिप्पणी मूळ पत्रांशेजारी ठेवून वाच. विसाव्या शतकातला इतिहासकार क्रिस्टोफर हिल मार्क्सवादी, त्यामुळे त्याचे प्रश्नच वेगळे. आणि आयर्लंडच्या बाजूने लिहिलेलं एक तरी वाच. १६४९ मध्ये आयर्लंडमधल्या ड्रोहेडा शहरात क्रॉमवेलच्या सैन्याने केलेल्या कत्तलीनंतर तिथे हा वीर कुणाला दिसणार?

‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ अशी जंत्री नको. कोण कुणाला उत्तर देतोय ते दाखव. प्रस्तावना तर अजिबात गाळू नकोस, लेखकाचा कल बऱ्याचदा तिथेच उघडा पडतो. टिपणं काढतानाच पृष्ठक्रमांक लिही.

शेवटी ‘सत्य दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे’ असं मात्र लिहू नकोस. कुणाचा पुरावा जास्त टिकतो ते सांग.