मुक्कामाचे पाहुणे आणि हॉलमधला कॅमेरा

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेले नातलग दोन-चार दिवस राहतात, खोल्या अपुऱ्या पडतात आणि एरवी कुणाच्या लक्षातही नसलेला घरातला कॅमेरा सगळ्यांना खुपायला लागतो. या महिन्यात निवडलेले प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न : राजारामपुरीत आमचं दुमजली घर आहे. मागच्या दारानं एकदा चोरी झाली, तेव्हापासून चार कॅमेरे आहेत. त्यातला एक हॉलमध्ये. या नवरात्रात वन्सं दोन्ही मुलींना घेऊन आल्या. खोली रिकामी नसल्यानं तिघी हॉलमध्येच झोपल्या. रात्री थोरलीला कोपऱ्यात तांबडे ठिपके दिसले. सकाळी वन्सं काही बोलल्या नाहीत, पण मुक्काम आवरता घेतला. आमचे मिस्टर म्हणतात, कॅमेरा सुरक्षेसाठी आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काय? भाऊबीजेला त्या येतील की नाही, याची मला धास्ती आहे. काय करावं?

उत्तर : वन्संना वाईट वाटलं ते बरोबरच आहे. ज्या रात्री तिथं गाद्या पडल्या, त्या रात्री तुमचा हॉल झोपायची खोली झाला. दिवे मालवले की कॅमेऱ्यालाही दिसत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड एलईडी बहुधा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश फेकतात. आपल्या डोळ्याला त्याची फक्त तांबूस झाक दिसते, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला सगळी खोली काळ्या-पांढऱ्या चित्रात लख्ख दिसते. ९४० नॅनोमीटरचे एलईडी असतील तर तांबडे ठिपकेही दिसत नाहीत. मुलीला ठिपके दिसले म्हणून कळलं तरी.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येऊ. चोर मागच्या दारानं आला होता. हॉलमधला कॅमेरा फार तर आत वावरणाऱ्या माणसाची पाठ दाखवेल. ओळख पटवायची तर चेहरा मिळावा लागतो, आणि त्यासाठी चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. २.८ मिलिमीटरची लेन्स असेल (हा आकडा जितका लहान, तितकं चित्र रुंद) तर हा हिशोब ३ मीटरपर्यंतच जमतो, ३.६ मिलिमीटरला साडेचार मीटरच्या आसपास, ६ मिलिमीटरला ८ मीटर. घरी बऱ्याचदा २.८ ची लेन्स बसवतात, कारण तिच्यात 'सगळं दिसतं'. सगळं दिसतं खरं, पण अंगणाच्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही.

म्हणून हॉलमधला कॅमेरा काढा आणि मागच्या दाराबाहेर लावा. चोर जिथून आला, तिथंच त्याचा उपयोग आहे. उंची आठ ते नऊ फूट ठेवा. त्याहून वर नेला की टोपी नाहीतर डोक्याचा भोवरा दिसतो. रोख दारासमोरच्या दोन-तीन मीटर जागेवर हवा. फूटभर अंतरात पत्रा, भिंत किंवा पन्हळ येऊ देऊ नका. इन्फ्रारेड प्रकाश त्यावर आपटून परत येतो आणि रात्रीचं चित्र पांढरं होऊन बसतं. बीएनसी (चित्राच्या वायरीचा जोड) आणि पॉवरचे जोड उघडे न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये घ्या, आणि वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी थोडी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता झोळातून खाली ठिबकेल. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात कॅमेरा सहसा टिकतो, हा जोड गंजतो. मग चित्रात आडव्या लाटा यायला लागतात आणि लोक उगाच कॅमेरा बदलत बसतात.

घरातले राजी झाले नाहीत आणि कॅमेरा हॉलमध्येच ठेवायचा ठरला, तर तो खरोखर बंद करता आला पाहिजे. मोबाइल ॲपमधून रेकॉर्डिंग बंद केलं तरी थेट चित्र चालूच राहतं. डीव्हीआरच्या, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या पेटीच्या, मेनूत 'प्रायव्हसी मास्क' असतो. त्यानं चित्राच्या ठरावीक भागावर काळा चौकोन पडतो आणि तो भाग रेकॉर्डही होत नाही. खिडकी किंवा दार झाकायला तो उत्तम. पण गादीवर पडलेल्या माणसाला तो चौकोन दिसत नाही, कॅमेरा तेवढा दिसतो. त्यामुळे वीजच तोडायची सोय करा. ज्या पॉवर सप्लायच्या डब्यातून चारही कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट जातात, त्यात सहसा प्रत्येक कॅमेऱ्याची जोडणी वेगळी असते. हॉलच्या कॅमेऱ्याच्या धन वायरीवर एक स्विच घालून घ्या आणि तो हॉलमध्येच, हात पोचेल असा बसवा. २३० व्होल्टच्या बोर्डात १२ व्होल्टची वायर घुसडू देऊ नका, स्वतंत्र डबा हवा. स्विच पाडला की तांबडे ठिपके विझतात आणि झोपणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री पटते.

स्विच पाडल्यावर डीव्हीआर 'व्हिडिओ लॉस' (चित्र येत नाही) म्हणून पी-पी करत राहील. वैतागून कुणीतरी स्विच पुन्हा चालू करतं ते इथंच. सेटिंगमधल्या 'एक्सेप्शन' किंवा 'ॲबनॉर्मॅलिटी' या भागात जाऊन फक्त व्हिडिओ लॉसचा बझर बंद करा. हार्ड डिस्क बिघडल्याचा बझर मात्र चालू राहू द्या.

वन्संना भाऊबीजेच्या आधी फोन करा आणि तो मिस्टरांनीच करावा. कॅमेरा काढल्याचं सांगा, त्या रात्रींचं रेकॉर्डिंग पुसल्याचंही सांगा. ते कसं पुसायचं ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पाहुण्यांनी सांगितलं की आमचं तेवढं रेकॉर्डिंग काढून टाका, तर डीव्हीआरमध्ये 'डिलीट'च सापडत नाही. असं का? आणि किती दिवसांचं साठवून ठेवावं? (कसबा बावडा)

उत्तर : सापडणार नाही. पुरावा मधूनच कुणी काढून टाकू नये म्हणून बहुतेक डीव्हीआरमध्ये ठरावीक तासांचं चित्र पुसायची सोयच दिलेली नसते. दोनच वाटा उरतात. एक तर हार्ड डिस्क पूर्ण फॉरमॅट करायची, नाहीतर जुन्यावर नवं चढेपर्यंत थांबायचं. फॉरमॅट करण्याआधी चोरी-अपघाताचं काही जपायचं असेल तर तेवढं पेन ड्राइव्हवर घ्या.

थांबायचं ठरवलं तर किती दिवस, हे गणितानं कळतं. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत सेकंदाला १ मेगाबिट घेत असेल, तर दिवसाला १०.८ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ४३ जीबी. १ टीबीची डिस्क साधारण २१ ते २३ दिवसांत भरते आणि मग पहिल्या दिवसावर लिहू लागते. जुन्या एच.२६४ वर बिटरेट (सेकंदाला लागणारे मेगाबिट) सहसा दुप्पट ठेवलेला असतो, तिथं हे दिवस निम्म्यावर येतात. घरासाठी आठ-दहा दिवस पुरेत, कारण चोरी झाली तर ती त्याच्या आत कळतेच. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पायर्ड टाइम' असेल तर तिथं १० दिवस घाला, त्याहून जुनं आपोआप दिसेनासं होईल. बसवणाऱ्यानं २ टीबीचा आग्रह केला तरी घरच्या चार कॅमेऱ्यांना त्याची गरज नाही.

किती दिवस साठवता, यापेक्षा कोण बघू शकतं हे जास्त महत्त्वाचं आहे. ॲपमध्ये 'शेअर्ड डिव्हाइस'ची यादी उघडा. तिथं बसवून गेलेल्या माणसाचा नंबर, विकून टाकलेला जुना फोन, दुबईच्या भाच्याचा लॉगिन, असं बरंच निघतं. मूळ खातंच बसवणाऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्याकडून डिव्हाइस 'अनबाइंड' करून घ्या आणि स्वतःच्या नंबरवर जोडा. डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्डही बदला; सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देण्याची पद्धत अजून चालू आहे. घरातल्या इतरांना 'लाइव्ह व्ह्यू'पुरतं वेगळं युजर खातं काढून द्या, 'प्लेबॅक'ची खूण काढून. मागची चित्रं उघडून बघायचा हक्क घरात एकाकडेच असावा.

प्रश्न : आई साने गुरुजी वसाहतीत एकटी असते, मी पुण्यात. तिच्या खोलीत वाय-फायचा फिरता कॅमेरा बसवला आहे. दुपारी आत्या आणि शेजारच्या काकू येऊन बसायच्या, हल्ली यायच्या कमी झाल्या. आई म्हणते, 'तुझ्या त्या यंत्रासमोर कोण मनातलं बोलणार?' बंद करायला मला भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती खरी आहे. पण आईची तब्येत ज्या गप्पांवर टिकून आहे, त्याच या कॅमेऱ्यानं तुटत चालल्या आहेत. आत्या-काकूंना चित्रापेक्षा आवाजाचा जाच जास्त आहे. आधी ऑडिओ बंद करा. ॲपमध्ये बहुधा दोन वेगळी बटणं असतात. स्पीकरच्या चिन्हानं फक्त तुमच्या फोनवरचा आवाज बंद होतो, रेकॉर्डिंगमध्ये तो येतच राहतो. खरं बटण सेटिंगच्या आत, 'रेकॉर्ड ऑडिओ' किंवा 'मायक्रोफोन' या नावाचं. ते बंद करून एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या आणि ऐकून खात्री करा. (डीव्हीआरवाल्यांनीही हे बघावं. तिथं 'मेन स्ट्रीम' (डिस्कवर जाणारं चित्र) आणि 'सब स्ट्रीम' (मोबाइलवर जाणारं) या दोन्हींमध्ये 'व्हिडिओ अँड ऑडिओ'ऐवजी नुसतं 'व्हिडिओ' निवडावं लागतं. एकच बदललं तर मोबाइलवर किंवा डिस्कवर आवाज राहतो.)

मग 'मोशन ट्रॅकिंग' बंद करा. माणूस हलेल तशी मान वळवणारा कॅमेरा बसलेल्या बाईला अवघडवतोच. 'प्रायव्हसी मोड'चं वेळापत्रक असेल तर दुपारी ३ ते ६ लावा. बऱ्याच फिरत्या कॅमेऱ्यांत त्या वेळी लेन्स आत वळते आणि समोरच्याला ते दिसतं.

मुळात कॅमेरा पलंगासमोर हवाच का? पडण्याची भीती असते ती रात्री-पहाटे बाथरूमला जाण्याच्या वाटेवरही. कॅमेरा खोलीतून काढून त्या बोळात, बाथरूमचं दार चित्रात येणार नाही असा लावा. आईच्या उशाशी आणि बाथरूममध्ये वायरलेस कॉल बेलचं बटण द्या, घंटा शेजारच्या काकूंकडे. कॅमेऱ्यात पडलेली आई तुम्हाला पुण्यात दिसेल, पण दार उघडून आत जाणार त्या काकूच. मदतीला बाई येत असेल तर कॅमेरा कुठं आहे, हे तिलाही सांगा. तीही त्या घरात कपडे सावरते, घाम पुसते.

प्रश्न : मंगळवार पेठेत आमचा सामाईक वाडा आहे. चुलत दिरांनी चौकात कॅमेरा लावलाय, त्यात आमच्या न्हाणीघराचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी येते. ते म्हणतात, चौक माझाही आहे. कायदा काय सांगतो?

उत्तर : चौक त्यांचाही आहे, पण तुमची खिडकी त्यांची नाही. खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमातला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी ठरवलं. तुमच्यासारखाच, एका घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद कलकत्ता उच्च न्यायालयात गेला होता. घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं त्या न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र इथं कामाचा नाही. निव्वळ घरगुती कारणासाठी व्यक्तीनं ठेवलेली माहिती त्यातून वगळली आहे. खासगी स्थितीतल्या बाईचं चित्रण झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू शकतं. नुसतं दार दिसतं, एवढ्यावर ही कलमं लागतील असं धरून चालू नका.

कोर्टाआधी एक काम करा. दिरांना त्यांच्या फोनवर चित्र उघडायला सांगा आणि घरातल्या कुणाला तरी न्हाणीघरापासून खोलीपर्यंत चालायला लावा. चित्र बघितल्यावर बरेच जण स्वतःच वरमतात. तिथंच बसून दार आणि खिडकीवर प्रायव्हसी मास्क ओढून घ्या. सहसा चार चौकोन मिळतात, तुम्हाला दोन लागतील. मास्क फिरत्या कॅमेऱ्यावर भरवशाचा नसतो, मान वळली की चौकोन चुकीच्या जागी जाऊ शकतो. तेव्हा कॅमेरा स्थिर असावा. ऐकलं नाही तर लेखी पत्र द्या, त्या जागेचे फोटो तारखेसह ठेवा आणि मग वकील गाठा.

प्रश्न : 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' असा बोर्ड पै-पाहुण्यांच्या घराला शोभत नाही. मग सांगायचं कसं? (रुईकर कॉलनी)

उत्तर : फाटकावर छोटी पाटी असू द्या, ती अनोळखी माणसासाठी असते. नातलगांना तोंडानं सांगा, आणि बॅगा आत नेतानाच सांगा: 'मामी, कॅमेरे दोन आहेत, फाटकावर आणि मागच्या दाराला. आत कुठं नाही. आवाज रेकॉर्ड होत नाही.' जेवताना किंवा निघताना सांगितलं तर ते लपवल्यासारखं वाटतं. डीव्हीआर हॉलच्या टीव्हीला जोडलेला असेल तर पाहुणे असेपर्यंत ती एचडीएमआय वायर काढून ठेवा. फाटकात कोण कधी आलं-गेलं, हे जेवणाच्या पंगतीला दिसायची गरज नाही. मामींनी विचारलं तर मात्र फोनवर दोन्ही चित्रं उघडून दाखवा.