केदारनाथला एमआय-१७ने लटकवून नेलेलं हेलिकॉप्टर खाली का सोडून दिलं?

तुमचा प्रश्न ३१ ऑगस्ट २०२४च्या घटनेबद्दल आहे. केदारनाथला बिघडून पडलेलं एक छोटं खासगी हेलिकॉप्टर हवाई दलाचं एमआय-१७ गौचरला नेत होतं आणि ते वाटेतच खाली सोडावं लागलं. एवढं मोठं लष्करी हेलिकॉप्टर, त्याला हे एवढंसं ओझं का झेपलं नाही, असं तुम्ही विचारलंय. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पण हवाई दलात फ्लाइट गनर म्हणून, म्हणजे पायलटच्या मागे राहून काम करणारा क्रूचा माणूस म्हणून, अशी कामं मी बरीच वर्षं केली आहेत, म्हणून लिहितो.

आधी वजनाचं बघा. एक इंजिनाचं छोटं हेलिकॉप्टर रिकामं असताना सव्वा ते दीड टनाचं भरतं. एमआय-१७ व्ही-५च्या पोटाखाली ओझं टांगायचा हूक असतो, त्याची क्षमता कागदावर चार टनांहून जास्त आहे. केदारनाथची उंची साधारण ३,५०० मीटर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरते, त्यामुळे इंजिन आणि पंखा दोन्हींची ताकद कमी होते. तरीही नुसतं वजन उचलायचं म्हटलं तर ते उचललं जातं. ऑक्टोबर २०१९मध्ये केदारनाथहूनच असं एक हेलिकॉप्टर एमआय-१७ने डेहराडूनजवळ सुखरूप पोचवलं होतं.

खरा त्रास हलक्या आणि फुगीर वस्तूंचा असतो. काँक्रीटचा ठोकळा निमूट लटकतो. हेलिकॉप्टरचा सांगाडा मात्र वारा झेलायलाच बनवलेला असतो. पुढे गोल पोट, मागे लांब शेपटी. पाती काढली, टाकीतलं इंधन उपसलं, दारं उतरवली, तरी वेग वाढला की तो गिरकी घेतो, डोलतो, कधी स्वतःच उडू पाहतो. वीस मीटरच्या दोराला टांगलेल्या ओझ्याचा एक झोका साधारण नऊ सेकंदांचा असतो. पायलटने त्या झोक्यामागे धावायला सुरुवात केली की झोका आणखी वाढतो, आणि खाली ओझं जिकडे जाईल तिकडे ते वरच्या हेलिकॉप्टरला ओढत नेतं. केदारनाथच्या मंदाकिनी नदीच्या अरुंद दरीत वारा उठला तर बाजूला सरायलाही जागा नसते.

पायलटला हे ओझं दिसत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांच्या फारशी लक्षात येत नाही. ते दिसतं मागच्या माणसाला. हेलिकॉप्टरच्या तळातली झडप उघडून मी पोटावर पालथा पडायचो, पट्टा कमरेला, तोंड भोकात. खाली वाऱ्याच्या मार्‍यात वाकून उभा असलेला जवान आधी अर्थिंगची सळई हूकला लावायचा, कारण उडत्या हेलिकॉप्टरच्या अंगावर साठलेली स्थिर वीज माणसाला चांगलाच झटका देते. मग तो कडी अडकवून बाजूला पळायचा. मी इंटरकॉमवर बोलत राहायचो : "फॉरवर्ड थ्री, टू, वन, स्टेडी. स्लिंग टाइट. लोड क्लियर." हे बोलणं मध्येच थांबलं तर पायलट आंधळा होतो.

ओझं सोडायचं बटण पायलटच्या दांड्यावरच असतं आणि ते कधी दाबायचं हे उड्डाणाआधीच ठरलेलं असतं. झोका अमुक हद्दीपलीकडे गेला, आवरेना, की मोकळी जागा बघून सोडायचं, मग ते कितीही महागाचं असो. म्हणूनच वाट आखताना खाली वस्ती नको, यात्रेची पायवाट नको, हे पाहतात. केदारनाथला वारा आणि वजन यांनी तोल जाऊ लागल्यावर क्रूने रिकामी जागा पाहून ओझं सोडलं. कुणालाही इजा झाली नाही. लोक त्याला हातातून निसटलं म्हणतात, ते मला पटत नाही. त्या दरीत क्षणभर उशीर झाला असता तर माणसं गेली असती.

आम्हीही एकदा सोडलंय. डोंगरातल्या एका चौकीसाठी प्लॅस्टिकची रिकामी पाण्याची टाकी न्यायची होती. वजन काहीच नाही, म्हणून सगळे निर्धास्त. वेग थोडा वाढवताच टाकी भोवऱ्यासारखी फिरू लागली, दोराला पीळ बसत गेला, मग ती शेपटीकडे वर उचलली जाऊ लागली. भोकातून मला टाकीचं झाकण दिसायचं तिथे तळ दिसला. मी ओरडलो, कॅप्टनने बटण दाबलं. टाकी ओसाड उतारावर जाऊन फुटली. परतताना कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी टाकी नेली. या वेळी चौकीला हवीच असलेली तांदळाची पोती टाकीच्या तळाशी घट्ट बांधली आणि वेग अगदी कमी ठेवला. ओझं आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जड होतं. चौकीपर्यंत ते गवंड्याच्या ओळंब्यासारखं सरळ लटकत राहिलं.