गोधडीवरच्या ॲप्लिकसाठी छोटी क्राफ्ट इस्त्री घ्यावी का, आणि ती वापरायची कशी?

बाळाच्या दुपट्यावर कापडाची फुलं-पानं लावताना, म्हणजे ॲप्लिक करताना, घरच्या इस्त्रीने कडा नीट दुमडत नाहीत, बोटं भाजतात आणि पाकळ्यांची टोकं बोथट होतात, असं तुम्ही लिहिलंय. पेनसारख्या दांड्याची छोटी इस्त्री घेतली तर फरक पडेल का, हा तुमचा प्रश्न.

पडेल, पण फक्त कडांच्या कामात. घरची साधी इस्त्री 750 ते 1000 वॉटची असते. ही छोटी सहसा 50 वॉटच्याही आत. टोक जेमतेम दोन बोटांएवढं, त्यामुळे धातू थोडा आणि त्यात साठणारी उष्णताही थोडी. ओलसर कापडावर टेकवली की ती लगेच थंडावते. म्हणून टेकवायची, 2-3 सेकंद थांबायचं, उचलायची, पुन्हा तापू द्यायची. घाईघाईने फिरवत राहिलात तर घडी बसत नाही आणि इस्त्रीच कुचकामी आहे असं वाटतं. उलट, बराच वेळ नुसती स्टँडवर राहिली तर कित्येक स्वस्त इस्त्र्या हव्या त्यापेक्षा जास्त तापतात. तेव्हा दर वेळी पहिला स्पर्श मांजरपाटाच्या चिंधीवर करायचा. चिंधी पिवळी पडली तर थोडं थांबा.

आता पाकळी. खरी अडचण तिथेच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पाकळीचा साचा पोस्टकार्डाइतक्या जाड कागदाचा कापा. पुष्कळ जणी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा करतात. आखायला तो छान, पण इस्त्रीखाली वाकडा होतो, आणि एकदा वाकला की पुढच्या सगळ्या पाकळ्या वाकड्या. कापड कापताना साच्याभोवती 5-6 मिलिमीटर माया, म्हणजे आत दुमडायला जास्तीचं कापड, सोडा. 3 मिलिमीटर ठेवलीत तर धागे सुटतात आणि बोटं इस्त्रीच्या फार जवळ येतात. 10 ठेवलीत तर आत जाड गोळा होतो आणि वरून उंचवटा दिसतो.

एक चमचा कॉर्नफ्लोअर कपभर पाण्यात शिजवून पारदर्शक खळ करून घ्या. थंड झाली की रंगकामाच्या बारीक ब्रशने फक्त मायेवर लावा, पाकळीच्या मधल्या भागाला नाही. अर्धा मिनिट मुरू द्या. खळ चकाकत असतानाच इस्त्री टेकवली तर वाफ बोटांवर येते, आणि गडद कापडावर पांढरे पापुद्रे धरतात.

साचा कापडाच्या उलट बाजूवर ठेवा. टोकाची माया आधी सरळ आत दुमडा, साच्याच्या टोकाला अगदी टेकून, आणि दाबा. मग डावी बाजू दुमडा. टोकापाशी मायेचा एक लहानसा कान बाहेर डोकावेल, तो कात्रीने छाटा. त्यानंतर उजवी बाजू. हा क्रम चुकला, म्हणजे दोन्ही बाजू आधी दुमडून टोक शेवटी आत कोंबलं, की टोक बोथट होणारच. तुमचं नेमकं तेच होत असावं.

बाहेरच्या गोलाईला चिरा देऊ नका, प्रत्येक चिरेपाशी कडेला कोन दिसतो. तिथे माया बारीक बारीक चुण्यांनी आत घ्या. इस्त्रीचं टोक साच्याच्या मध्याकडून कडेकडे न नेता कडेकडून मध्याकडे टेकवत जा, म्हणजे चुण्या पंख्यासारख्या पसरतात आणि कड गुळगुळीत राहते. आतल्या गोलाईला मात्र चिरा हव्याच, साधारण 5-5 मिलिमीटरवर. बदामाच्या खाचेत एकच चीर, साच्याच्या एक-दोन धागे अलीकडे थांबणारी. तिथे खळीचा थेंब जरा जास्त लावा.

माया धरायला बोट वापरू नका, बांबूची काडी किंवा टूथपिक घ्या. दाभण किंवा सुई तापते आणि चटका तिचाच बसतो. सगळ्या कडा झाल्या की पाकळी उलटून सुलट बाजूने एकदा दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. घडी पक्की होते ती गार होताना. गरम असताना साचा ओढून काढला की माया पुन्हा उघडते. गार झाल्यावर साचा अलगद काढा, पाकळी दुपट्यावर टाचा आणि हेम टाक्याने लावा. काम संपल्यावर दुपटं एकदा धुऊन टाका, कारण खळ राहिली तर ट्रंकेत कसर लागते.

गोल ठिपक्यांसाठी याहून सोपं आहे. कडेने धावदोरा घाला, साचा आत ठेवून दोरा ओढा, खळ लावून दाबा, गार करा, दोरा सैल करून साचा काढा.

देठांसाठी उरेब पट्टी लागते, 45 अंशांत कापलेली. पट्टी दुमडायचं धातूचं छोटं साधन मिळतं. 12 मिलिमीटरची तयार पट्टी हवी असेल तर कापड 25 मिलिमीटर रुंद कापा. पट्टी त्यातून ओवायची आणि ती दुमडून बाहेर येते त्या तोंडाशी छोटी इस्त्री टेकवून साधन मागे ओढत जायचं. इस्त्रीने पट्टी ओढू नका, उरेब कापड ताणलं जातं आणि देठ नागमोडी होतो.

तुकडे जोडतानाही तीच शिस्त. जोडाची माया गडद कापडाकडे वळवायची आणि इस्त्री टेकवून उचलायची, घासायची नाही. मशीनच्या उजव्या हाताला छोटी इस्त्री ठेवली की दर शिलाईनंतर उठावं लागत नाही. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा फायदा हाच. पूर्ण चौकोन तयार झाला की मात्र मोठ्या इस्त्रीनेच दाबा.

खालचा पाट कसा आहे यावर निम्मं काम अवलंबून असतं. फोमची गादी नको. टोक त्यात रुततं आणि मायेचे वळ सुलट बाजूला उमटतात. साधारण 12 बाय 15 इंचांची प्लायवूडची फळी घ्या, त्यावर जुन्या लोकरी घोंगडीचा एक थर आणि वर मांजरपाट ताणून मागे ठोका. लोकर उष्णता धरते, त्यामुळे खालूनही शेक मिळतो.

चिकटवण्याच्या जाळीबद्दल, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने दोन कापडं चिकटवणाऱ्या, कागद लावलेल्या फ्युजिबल वेबबद्दल: लहान पाकळ्यांना छोटी इस्त्री चालते, पण मोठ्या तुकड्याला नाही. टोक एकेका जागी दाबत गेलं की मधे न चिकटलेले पट्टे राहतात आणि धुतल्यावर तिथे फुगे येतात. पाकिटावरची वेळ पाळा. काही जाळ्यांना दोन सेकंद पुरतात, काहींना ओल्या फडक्यावरून दहा लागतात. हलकी जाळी जास्त तापवली तर गोंद कापडात शोषला जातो आणि पकड जाते. खाली-वर सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर ठेवा. मेणाचा कागद नको, मेण वितळून कापडाला डाग पडतो.

जुन्या साड्यांचे तुकडे वापरत असाल तर आधी एक धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. कपड्यांच्या लेबलवरचे इस्त्रीचे ठिपके हाच हिशेब सांगतात: एक ठिपका 110 अंश सेल्सिअस, दोन 150, तीन 200. सुतीला तीन चालतात, पॉलिस्टरला दोनच्या वर जाऊ नका. सुती आणि सिंथेटिक एकाच फुलात असतील तर सिंथेटिकच्या हिशेबाने चला. सोल्डरिंगची इस्त्री दिसायला अशीच असते, पण तिचं टोक 300 अंशांच्या वर जातं. ती कापडाला लावूच नका.

विकत घेताना व्होल्टेज नक्की बघा. अमेरिकेतून कुणी आणून दिलेली इस्त्री 120 व्होल्टची असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तिची वीज साडेतीनपटीहून जास्त होते. 40 वॉटची इस्त्री सुमारे 147 वॉट खेचू लागते आणि आतली तार जळते. प्लगचा आकार बदलणारा ॲडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. 100 वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापेक्षा इथलीच 230 व्होल्टची घ्या. तापमानाच्या किमान तीन पायऱ्या आणि जड, न कलंडणारा स्टँड असलेली बघा. हलक्या तारेच्या स्टँडवरून वायरच्या ओढीने इस्त्री मांडीवर पडते.

टोकाला गोंद लागला की तो तसाच पुढच्या पाकळीवर तपकिरी डाग होऊन उतरतो. टोक कोमट असतानाच जाड सुती फडक्यावर पुसा. नॉनस्टिक थर असेल तर ब्लेड किंवा घासणी लावू नका. साध्या धातूच्या टोकावर जुना गोंद असेल तर प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट चोळा, ओल्या कापडाने पुसा आणि कोरडं करा. पहिली पाकळी दाबण्याआधी चिंधीवर एकदा टेकवून बघायचं आहेच.