हजेरीचे तास आणि कामाचे तास

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, लेथ चालवणारे दोन टर्नर, एक हेल्पर. पंपाचे बुश, पिना, शाफ्ट अशी जॉबवर्कची कामं घेतो. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत थांबतो, काम भरपूर आहे, तरी महिनाअखेरीला हातात काही राहत नाही. पुतण्या म्हणतो, अंगठ्याचं हजेरी मशीन बसवा. बसवू का?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : तूर्त नको. अंगठ्याचं मशीन माणूस कधी आला आणि कधी गेला एवढंच सांगेल. तीन माणसांच्या शेडमध्ये ते तुम्हाला तसंही दिसतंच. दिसत नाही ते हे, की त्या आठ तासांतले किती तास कोणत्या पार्टीच्या कामाला लागले. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात जॉब कार्डं, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागला याच्या नोंदी, तपासण्यात गेली. लहान वर्कशॉपचा पैसा गळतो तो इथेच, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबच करून बघू. शेडभाडं, वीज, टर्नरचा पगार, कर्जाचं व्याज, मशीनचा घसारा, टूल-तेल आणि तुमचा स्वतःचा पगार (हा बहुतेक जण धरतच नाहीत, तो धराच) मिळून एका लेथचा महिन्याचा खर्च समजा ३६,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला की तासाला १७३ रुपये येतात आणि आपण त्यावर कोटेशन देतो. पण ड्रॉइंगची वाट बघणं, मटेरियल न येणं, वीज जाणं, रिजेक्ट नग पुन्हा करणं हे वजा केलं आणि ज्यांचं बिल लावता येतं असे तास १४०च निघाले, तर तोच दर २५७ होतो.

आता ४० बुशांची ऑर्डर घ्या. एक बुश सहा मिनिटांत निघतो, म्हणून तुम्ही सहा मिनिटं धरता आणि १७३च्या दराने मजुरी सतरा-साडेसतरा रुपये सांगता. पण चकचे जॉ (लेथवर नग पकडणारे जबडे) बदलणं, टूल घासून बांधणं, पहिला नग काढून मायक्रोमीटरने तपासणं या सेटिंगमध्ये दीड तास गेला, तो कुठे गेला? तो ४० नगांवर वाटला की नगाला सव्वाआठ मिनिटं पडतात, आणि २५७च्या दराने मजुरी ३५ रुपयांवर जाते. म्हणजे निम्म्या भावात काम करून दिलं! हीच ऑर्डर २०० नगांची असती तर २७-२८ रुपयांत बसली असती. म्हणून लहान ऑर्डरला सेटिंगचे पैसे वेगळे लावा, आणि ते पार्टीला आधीच सांगा.

यासाठी अ‍ॅप लागत नाही. प्रत्येक कामाला एक जाड कागदाचं कार्ड करा. त्यावर पार्टीचं नाव, चलन नंबर, नग, सेटिंग कधी सुरू झालं, पहिला नग कधी पास झाला, काम कधी संपलं. मशीन थांबलं तर एका शब्दात कारण : मटेरियल, वीज, टूल, ड्रॉइंग. कार्ड मशीनलाच अडकवा आणि टर्नरने तिथल्या तिथे भरायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेले आकडे नेहमी गोल येतात, त्यांचा उपयोग नाही. मस्टर वेगळं चालू ठेवा, पगाराला आणि ओव्हरटाइमला ते लागतंच. सुरुवात एकाच लेथवर करा, महिनाभराने दुसऱ्यावर.

टर्नरना आधी समोर बसवून सांगा, की हे कोटेशनसाठी आहे, तुमचा पगार कापायला नाही. हे मी फार मनापासून सांगतो. १९११ साली अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात साचेकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचला विरोध म्हणून काम बंद केलं होतं. घड्याळ आपल्या डोक्यावर धरलंय असं वाटलं की माणूस खरं लिहीत नाही, आणि खोट्या कार्डापेक्षा कार्ड नसलेलं बरं.

आणि एक कार्ड तुमच्या नावाचंही हवं. वसुलीसाठी मिरजेला गेलेली दुपार, मटेरियल आणायला घातलेला वेळ, जीएसटीचे कागद, हे सगळं त्या-त्या पार्टीच्या नावावर लिहा. जी पार्टी पैशांसाठी चार-चार खेपा घालायला लावते, तिचा दर महिनाभरात तुम्हीच वाढवाल.

प्रश्न : मी मिरजेत घरीच ब्लाऊज शिवते. मध्येच स्वयंपाकाला, मुलांसाठी उठावं लागतं. वेळ कसा मोजायचा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, दिवस मोजू नका, ब्लाऊजचे टप्पे मोजा. माप घेणं, कापणं, शिवणं, काज-हुक, आणि गिऱ्हाइकाने घालून बघितल्यावरचं आल्टर. उठताना घड्याळ बघून वहीत आकडा टाका, परत बसलात की पुन्हा. पंधरा-वीस ब्लाऊजांनंतर साधा आणि अस्तराचा यांतला खरा फरक हातात येईल. आल्टरचा वेळ मात्र वेगळ्या रकान्यात लिहा. तुमच्या शिलाईतली चूक असेल तर पैसे घेऊ नका, पण गिऱ्हाइकाने गळा नंतर बदलायला सांगितला असेल तर त्याची मजुरी मागा.