थीम बदलू नकोस, ग्लासची चित्रं तेवढी काढ

तुझा प्रश्न असा: फॅशन डिझाइनच्या फायनलला सहा कपड्यांचं कलेक्शन आहे, थीम जुन्या काळचं बीचवेअर आणि कॉकटेल, आणि गाइड म्हणतात, ‘जळगावात कुठला आलाय समुद्र? विषय बदल.’ बदलू नकोस. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तिथे सैल, उघड्या पाठीचा, घाम टिपणारा कपडा समुद्रकाठाइतकाच कामाचा. गाइडना एवढंच सांग. पण स्केचेसमध्ये सहाही कपड्यांवर ग्लास, स्ट्रॉ आणि लिंबाची फोड छापली आहेस ना, ती काढ. त्याने कलेक्शन होत नाही, हॉटेलचे पडदे होतात.

कॉकटेल दिसतं कसं त्यापेक्षा जमतं कसं ते बघ. टकिला सनराइजमधलं ग्रेनेडाइन, म्हणजे डाळिंबाचं लाल सिरप, साखरेमुळे जड असतं. ते तळाशी बसतं, वर संत्र्याचा रस. तोच क्रम ड्रेसमध्ये आण: खांद्याला पिवळा, कमरेशी नारिंगी, घेराला लाल. सुती कापड आणि रिअॅक्टिव्ह रंग घे. कापड आधी ओलं करून पिळ, पिवळ्यात पूर्ण बुडव, मग नारिंगीत कमरेपर्यंत, शेवटी लालात फक्त घेर. हात एका जागी थांबला की तिथे रेघ पडते, म्हणून कापड सारखं वरखाली हलवत राहायचं. वॉशिंग सोड्याशिवाय हे रंग पक्के होत नाहीत. ओला रंग नेहमी गडद वाटतो, तेव्हा चिंधीवर करून, वाळवून मगच ठरव.

जुना काळ प्रिंटपेक्षा कटमधून जास्त दिसतो. लुई रेआर या फ्रेंच डिझायनरने ५ जुलै १९४६ला पॅरिसमध्ये बिकिनी दाखवली, तिच्यावर वर्तमानपत्राचा मजकूर छापलेला होता. पेपरवाले लिहिणारच, तर आपणच आधी छापून टाकू, असा जणू थाट! खेळकरपणा म्हणतात तो हा. तुझ्या कामाचं मात्र त्याच्या पुढचं दशक: हॉल्टर नेक, म्हणजे मानेमागे बांधायचा गळा, उंच कमरेची शॉर्ट, पोटावर गाठ मारलेला शर्ट, आणि प्लेसूटवर, म्हणजे टॉप आणि शॉर्ट एकत्र शिवलेल्या कपड्यावर, घालायचा पुढून बटणांचा स्कर्ट. हा स्कर्ट हमखास ठेव. घरी आजीने ‘हाई काय शे वं माय?’ म्हटलं की बटणं लावून मोकळी.

छातीला किंवा पाठीला इलॅस्टिकचं स्मॉकिंग, म्हणजे इलॅस्टिक दोऱ्याच्या ओळींनी पाडलेल्या बारीक चुण्या, घाल, मापाची निम्मी कटकट जाते. इलॅस्टिकचा दोरा बॉबिनवर हाताने, न ताणता गुंडाळायचा, वर साधा दोरा, टाका लांब. सगळ्या ओळी झाल्या की इस्त्रीची वाफ नुसती वरून द्यायची. कापड आणखी आवळतं. म्हणून रुंदी दुपटीच्या आसपास धर.

पिना कोलाडासाठी, म्हणजे अननस-नारळाच्या फेसाळ कॉकटेलसाठी, पांढरं टर्किश टॉवेलचं कापड, सोलापूरचं चालेल. त्याचं आखूड जॅकेट कर, फेसासारखं दिसेल. कॉकटेलवर खोचतात त्या कागदी छत्रीचा स्कर्ट करायचा असेल तर सनरे प्लीट्स, म्हणजे कमरेशी बारीक आणि खाली रुंद होत जाणाऱ्या चुण्या, पॉलिएस्टरमध्येच कर. सुती कापडाच्या प्लीट्स पहिल्या धुण्यात जातात. सुरत गाडीने जवळ आहे, कापड तिथून आण.

आणि बनाना डायकिरी, केळ्याचं कॉकटेल, तुझ्या यादीत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. केळीच्या बागांच्या रावेर-यावलची पोरं शेजारच्या बाकावर बसत असतील! हवाईच्या अलोहा शर्टवर जास्वंद असते, तिथे तू केळफूल घे. पूर्ण घड नको, फार गर्दी होते. एक फणी, एक केळफूल, मागे मोठं पान. चांगल्या अलोहा शर्टची खूण म्हणजे छातीचा खिसा: प्रिंट खिशावरून न तुटता जातं, खिसा शोधावा लागतो. त्यासाठी पुढचा भाग आधी काप, त्यावर कापड ठेवून प्रिंट जुळव आणि मग खिसा काप. शिवणीचा दाब धरायला विसरू नकोस. बटणं नारळाच्या करवंटीची लाव. केळीच्या खोडाचा धागा मिळाला तर तो अंगावरच्या कपड्यात घालू नकोस, टोचतो. त्याची टोपी आणि बॅग कर.

एका कपड्यात एकच गंमत. शर्टला खिसा असेल तर त्याच्याबरोबरची शॉर्ट साधी एकरंगी. अस्तराला पॉलिएस्टर साटीन अजिबात नको, मॉडेल रॅम्पवर येण्याआधीच घामाने भिजेल. मलमल लाव.

खिशाचं सॅंपल झालं की फोटो टाक. पूर्ण कापड कापायच्या आधी.