डोलकाठीवरचा राउटर

मुंबईहून गोव्याकडे शिडाची बोट घेऊन पहिल्यांदाच निघतोयस ना? मग किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या वायफायवर विसंबू नकोस. नांगर टाकतोस तिथून ते क्वचितच पोचतं. मोबाइलचं सिमकार्ड घालता येईल असा १२ व्होल्टचा राउटर घे, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेव आणि बोटीपुरता आपला हॉटस्पॉट आपणच कर.

खरी गंमत उंचीची. टॉवरचा सिग्नल साधारण सरळ रेषेत येतो, क्षितिजाआड गेला की मिळत नाही. पाण्यापासून दोन मीटरवरून क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं, दहा मीटरवरून सुमारे ११. म्हणून अँटेना डोलकाठीवर. पण लांब, बारीक अँटेना-केबल टाकलीस तर वर मिळालेला सिग्नल खाली येईपर्यंत गळून जातो. मी हा उद्योग केलाय, पैसे पाण्यात! त्यापेक्षा राउटरच जलरोधक डब्यात वर बसव आणि खाली ईथरनेट केबल (इंटरनेटची डेटा-तार, तिच्यात असा सिग्नल गळत नाही) आण. अँटेना सर्व दिशांची हवी. एकाच दिशेची कितीही जोरदार असली तरी भरती-ओहोटीला बोट नांगराभोवती फिरते आणि रेंज जाते.

जयगडसारख्या खाडीत आत शिरलास की डोंगर आडवे येतात. हवामानाचा अंदाज आणि नकाशे आधीच उतरवून घे. जेट्टीवर फुकटचं वायफाय मिळालंच तर त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

सॅटेलाइट फोन मात्र परवान्याशिवाय आणू नकोस, आपल्याकडे तो गुन्हा आहे. अडचणीत व्हीएचएफ रेडिओचं (बोटींचा आपापसात आणि किनाऱ्याशी बोलायचा रेडिओ) १६ नंबरचं चॅनेलच कामाला येतं.