थर्माकोलऐवजी रुई वापरताना

प्रश्न : नागपूरहून अमरावतीला एसटीने 5 किलो पनीर पाठवतो. थर्माकोलचा डबा लवकर फुटतो आणि भंगारवालाही तो घेत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात रुई भरली, आत पिशवीत बर्फाचे तुकडे ठेवले. मे महिन्यात पनीर कोमट पोचलं, रुईही ओली झाली. काय चुकलं?
– एक वाचक, महाल

उत्तर : रुईची निवड चुकलेली नाही. पिंजलेली कोरडी रुई जवळपास थर्माकोलइतकीच उष्णता अडवते, आणि विदर्भात ती हाताशी आहे. पण सुटी भरलेली रुई गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसते, वरच्या कडा उघड्या पडतात. त्यात बर्फाचं पाणी झिरपलं की तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने जाते. ओल्या रुईचा उपयोग उरत नाही.

गादीवाल्याकडून मांजरपाटाच्या खोळीत, दाबल्यावर 4 सेंटिमीटर जाड भरतील अशा सहा गाद्या शिवून घ्या. खोका आतून 38 × 33 × 28 सेंटिमीटरचा, पाच पदरी पुठ्ठ्याचा. तळाला आणि झाकणाला 38 × 33 च्या दोन, लांब बाजूंना 38 × 20 च्या दोन, आखूड बाजूंना 25 × 20 च्या दोन. साधारण पाऊण ते एक किलो रुई लागेल. टाके सैल घालायला सांगा. ताणून घातले की तिथे गादी पातळ होते आणि उष्णता नेमकी तिथून शिरते. कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट दिसली तर कापडाची घडी खोचा.

आता बर्फ किती? बाहेर 44 अंश, आत 4, तर या खोक्यात सुमारे 20 वॉट उष्णता शिरते. पाच तासांत 360 किलोज्यूल, म्हणजे एक किलोहून थोडा जास्त बर्फ वितळतो. पण पनीर 25 अंशांवर असतानाच भरलं, तर ते 4 अंशांवर आणायलाच आणखी एक किलो बर्फ खर्ची पडतो! आदल्या रात्री पनीर फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. खोका गारवा टिकवतो, तयार करत नाही.

अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या घ्या. बर्फ होताना पाणी फुगतं, म्हणून नऊ दशांशच भरा. फ्रीझरमधून काढल्यावर पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, बाहेरून पुसा. नाहीतर लगतचं पनीर गोठून भुसभुशीत होतं. दोन बाटल्या वर, दोन बाजूंना. थंड हवा खाली उतरते. पनीर आणि बाटल्या जाड फूड-ग्रेड पिशवीत बांधा, म्हणजे पाणी गाद्यांपर्यंत जाणार नाही. पोचल्यावर पनीरच्या मधोमध थर्मामीटर टोचून बघायला सांगा. 5 अंशांच्या वर असेल तर पुढच्या वेळी एक बाटली वाढवा.

पावसाळ्यात मात्र दमट हवा बाहेरून रुईत शिरते आणि आतल्या थंड पिशवीवर तिचं पाणी होतं. जून ते सप्टेंबर खोक्याला आतून, गाद्यांच्या बाहेरच्या बाजूने दुसरी पिशवी लावा. ऊन पडेल तेव्हा गाद्या वाळवा. कुबट वास आलेली गादी उसवून रुई बदला.

प्रश्न : पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) आणि टोमॅटो याच खोक्यात एकत्र पाठवता येतील का?
– एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : टोमॅटो वेगळे ठेवा. काकडी, वांगीही. बर्फाजवळ त्यांच्यावर डाग पडतात, टोमॅटोची चव जाते. पालेभाजीला गारवा मानवतो, पण ती श्वास घेते आणि स्वतः उष्णता सोडते. गच्च बांधलेल्या जुडीचा मध्य म्हणूनच आधी काळा पडतो. जुड्या सैल करा, पानांवरचं पाणी झटका, ओलसर सुती कापडात गुंडाळून उभ्या ठेवा. संत्र्यांना एवढ्या प्रवासात बर्फ नकोच, भोकांचा खोका आणि सावली पुरते.

प्रश्न : रुईऐवजी भंडाऱ्याकडची तणस (भाताचा पेंढा) चालेल का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : चालेल, पण काड्यांमधून हवा फिरते, म्हणून जाडी 7 सेंटिमीटर ठेवा आणि खोका त्या मापाने मोठा घ्या. तणस कडक उन्हात वाळवून जाड खोळीत पक्की शिवा. तिची धूळ आणि बुरशी अन्नापर्यंत पोचता कामा नये, त्यामुळे आतली पिशवी इथे कधीच गाळू नका.